चुकीच्या वेळी वाजलेली हातोडी

मित्रांनो, ज्या पत्राला दहा महिने उत्तर गेलं नाही, त्या पत्रावर मी वजन म्हणून बसून होते. मी सभेत वाजणारी एक जुनी लाकडी हातोडी आहे.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, एका डोंगराळ गावी मेपलच्या ओंडक्यातून मला घडवलं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी अख्खं गाव सभागृहात जमतं आणि गावचा कारभार हात वर करून ठरवतं. तीस वर्षं ऑल्डन थ्रॉलच सभेचे अध्यक्ष म्हणून निवडून येत होते. लोक म्हणत, "ऑल्डनची हातोडी वाजली, की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबतं." मला अभिमान वाटे.

आमचा एक नियम आहे. बोलायचं ते अध्यक्षांशी, आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही.

गेल्या मार्चमध्ये डेक्स्टर कोलबर्न उठला. "अध्यक्षमहोदय, रस्ता समितीवर एक बाई आहेत. त्यांच्या घरापुढे खडी सगळ्यात आधी कशी पडते, एवढंच विचारतो." मागच्या बाकांवर हशा पिकला. नाव त्याने घेतलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रॉबर्टा क्विम्बी उठल्या. "डेक्स्टर, तू खोटं बोलतोस. माझ्या घरापुढे..."

मी वाजले. "नाव घेऊ नये. खाली बसा," ऑल्डन म्हणाले. त्या उभ्याच राहिल्या. मी पुन्हा वाजले. लगेच रस्ता समितीसाठी मतदान झालं आणि नऊ वर्षं समितीवर असलेल्या रॉबर्टाबाई पडल्या.

ऑल्डनना आलेल्या त्यांच्या पत्रात एवढंच होतं: "माझ्यावर चिखल उडाला तेव्हा तुमची हातोडी गप्प होती. तो पुसायला उठले तेव्हा वाजली. मला दोन मिनिटं का मिळाली नाहीत?"

ऑल्डन रोज लिहायला बसत आणि कागद फाडत. "नियमाप्रमाणेच वागलो ना मी?" ते बायकोला विचारत.

"वागलास," आयडा म्हणे. "म्हणूनच झोप लागत नाही तुला."

जानेवारीत गावाचा वार्षिक अहवाल छपाईला निघाला. तो घरोघरी जातो. त्याच आठवड्यात कळलं, की रॉबर्टाबाई घर विकून गाव सोडणार आहेत. ऑल्डननी मला बाजूला सारलं आणि एका दमात लिहिलं: "चूक माझी. नाव न घेता केलेला वार हाही वारच असतो. मी आधी त्याला थांबवायला हवं होतं, आणि मग तुमचं ऐकायला. मी समितीचं दप्तर पाहिलं. खडी तुमच्या घरापुढे सगळ्यात शेवटी पडली होती."

आयडाने ते वाचलं. "हे पाकिटात घातलंस की ती एकटी वाचेल. पण तो अपमान काय तिनं एकटीनं ऐकला होता?"

ऑल्डन म्हणाले, "अहवालात छापलं तर लोक मला पुन्हा निवडणार नाहीत."

"नाही निवडणार. मग?"

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. ज्या लोकांसमोर कुणावर चिखल उडाला, त्यांच्याचसमोर त्याला बोलू द्या. माझा आवाज दुखावलेल्या माणसाला गप्प करायला वापरू नका.

ऑल्डननी दुसरी प्रत लिहिली. एक पाकीट रॉबर्टाबाईंना, दुसरं गावच्या चिटणीसांना, 'पहिल्या पानावर छापावे' अशी चिठ्ठी जोडून. खिडकीतून मला दिसत होतं. गुडघाभर बर्फातून ते रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी गेले, दोन्ही पाकिटं आत ठेवली आणि पत्रं न्यायची आहेत हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचं लाल निशाण वर केलं.