जागा धरलेली होती

माझं गणित चुकलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसायला नको.

२०१८ सालची गोष्ट. स्टुटगार्टच्या एका संशोधन संस्थेत मी कामाला होते. काम असं, की आजवर लोकांनी बनवलेल्या हजारो स्फटिकांच्या रचना कॉम्प्युटरला द्यायच्या आणि विचारायचं, बाबा रे, यात इलेक्ट्रॉन कुठे बसलाय? बहुतेक ठिकाणी तो कुठल्या ना कुठल्या अणूचा असतो. पण क्वचित एखादा पदार्थ असा निघतो, की काही इलेक्ट्रॉन अणूंच्या मधल्या पोकळीतच मुक्काम करतात. तिथे अणू नाही, काही नाही, तरी हे पठ्ठे स्वतःच ऋण आयन असल्यासारखे बसलेले. अशा पदार्थाला इलेक्ट्राइड म्हणतात. हे इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून अमोनिया बनवणाऱ्यांपासून सगळे त्यांच्या मागे.

चाळून चाळून मूठभर सापडले. त्यातला एक, स्ट्रॉन्शियमचा, हाइकोने भट्टीत बनवला. हाइको आमचा प्रयोगशाळेतला माणूस. क्ष-किरणांनी पाहिलं तर रचना मी सांगितली तश्शी. अणू जिथल्या तिथे, पोकळी मोकळी. मग त्याने वीज घालून बघितली. वाहिना. मी सांगितलं होतं, पदार्थ काळा होईल आणि धातूसारखी वीज वाहील. हातात आली फिकट पिवळी पूड, हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखी.

मीटिंगमध्ये हाइको म्हणाला की थिअरीवाल्यांच्या कागदावर सगळंच वाहतं. सगळे हसले. आमच्या प्रमुख, फ्राउ ब्रेंडेल, हसल्या नाहीत. त्यांनी मला नंतर केबिनमध्ये बोलावलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की माझा करार सप्टेंबरात संपतोय, आणि पहिलंच भाकीत खोटं ठरलं तर मुदतवाढ कुठल्या तोंडाने मागायची. पुढच्या गुरुवारी काय ते ठरवू. सभ्य माणसांनी गळा दाबला की ओरडताही येत नाही.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, नाही राहिली नोकरी तर नाही. सत्यजित आहे ना."

सत्यजित म्हणजे माझा नवरा, गेर्लिंगेनला मोठ्या कंपनीत इंजिनियर.

"आई, उद्या त्याची गेली तर त्यालाही असंच सांगाल का, अहिल्या आहे ना?"

स्वयंपाकघरात सत्यजितने उगाच मिक्सर लावला.

मी गणित पुन्हा केलं. वेगळ्या पद्धतीने केलं, दुसऱ्या प्रोग्रामवर केलं. दर वेळी पोकळीत इलेक्ट्रॉन. मग हाइकोच्या पुडीत काय मेलं होतं?

शनिवारी लेकीला, अन्वीला, घेऊन पोहायच्या उघड्या तलावावर गेले. ऊन होतं, म्हणजे अख्खं स्टुटगार्ट तिथे. लांबून एक आडवं पडायची खुर्ची मोकळी दिसली. मी म्हटलं, चल, ती रिकामी आहे. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने जर्मनमध्ये सांगितलं की नाही, तिथे कोणीतरी आहे. मी ऐकलं नाही, तरातरा गेले. जवळ जाऊन पाहते तर पांढऱ्या खुर्चीवर पांढरा, पातळ टॉवेल. इथली ही रीतच. सकाळी यायचं, टॉवेल टाकायचा, आणि घरी जाऊन निवांत नाश्ता करायचा. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तेच. दोन शिव्या तोंडात तयार होत्या. त्या तशाच राहिल्या, आणि मी ओल्या फरशीवर मटकन बसले.

क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. स्ट्रॉन्शियमकडे ते अडतीस. हायड्रोजनकडे एक. त्या गर्दीशेजारी हायड्रोजन पोकळीत पाय पसरून बसला तरी दिसणार नाही. रचना तीच भासणार, पोकळी मोकळीच भासणार. आणि मोकळे इलेक्ट्रॉन तो स्वतःला चिकटवून घेणार, मग वीज कोण वाहून नेणार?

सोमवारी कॉम्प्युटरमध्ये मी स्वतःच पोकळीत हायड्रोजन बसवला. रचना जवळपास हलली नाही. वीज बंद. रंग यायला हवा फिकट पिवळा.

हाइकोकडे गेले आणि म्हटलं, "तुझ्या पोकळीत हायड्रोजन बसलाय."

"आल्झो, हे बघ, मी हायड्रोजन घातलेलाच नाही. धातू नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के शुद्ध आहे, डब्यावर लिहिलंय."

"ते आकडे फक्त इतर धातूंच्या भेसळीचे. वायू त्यात धरतच नाहीत. स्ट्रॉन्शियम हायड्रोजन पितं, म्हणून आधी ऊर्ध्वपातन करून घ्यायचं असतं. तू थेट डब्यातून घेतलास ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. मग त्याला स्वतःचंच उत्तर ऐकू आलं आणि त्याने डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं.

पूड निर्वात भट्टीत तापवली. काही वेळाने वायू मोजणाऱ्या यंत्राची रेघ चढायला लागली. हायड्रोजन. हाइको खुर्ची ओढून समोर बसला आणि जेवायलाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी हवा न लागणाऱ्या बंद पेटीत पुडीची नळी उघडली तर पूड काळी. काळी कुळकुळीत. पेटीच्या रबरी हातमोज्यांमधून त्याने हात बाहेर काढले.

"तूच लाव," तो म्हणाला.

तारा मी लावल्या. वीज वाहिली. आणि मला एकदम सणसणून भूक लागली.

गुरुवारी हाइको स्वतः उभा राहिला आणि धातू शुद्ध न करता वापरला, गणित बरोबर होतं, असं सगळ्यांसमोर म्हणाला. त्याचं हे मानलं पाहिजे. फ्राउ ब्रेंडेलनी मान हलवली, मुदतवाढ मागते म्हणाल्या, आणि पुढचा पदार्थ कुठला ते विचारलं. माफी नाही मागितली. नको होती मला. काम हवं होतं.

ट्राममध्ये बसले तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"राहिली का गं नोकरी?"

"राहिली, आई."

"बरं झालं बाई. उद्या सत्यजितचं काही झालं, तर तू आहेस."

फोन पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटले. आमचं घर गेर्लिंगेनला, ट्रामचा शेवटचा स्टॉप, चुकायची भीती नव्हती. ड्रायव्हरने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा गाडीत मी एकटीच होते.