पहिली ओळ वाचून परतणारा तपासनीस

मी एक जुना तपासनीस आहे, मित्रांनो. मला टोपी नाही, शिट्टी नाही, अंगही नाही. मी एक लहानसा प्रोग्रॅम आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, जिन्याखालच्या संगणकात माझा मुक्काम असतो. माणसे यंत्रांसाठी ज्या आज्ञा लिहितात, त्या नियमाने लिहिल्या आहेत की नाहीत, हे मी पाहतो. चूक सापडली की पडद्यावर लाल दिवा लागतो, नाही सापडली की हिरवा. हिरव्या दिव्याशिवाय एकही आज्ञा पंपघरात जात नाही.

मला घडवले मावशीने. ती कचेरीतली सर्वांत जुनी प्रोग्रॅमर. मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिने मला बावीस नियम शिकवले. ओळ फार लांब नको. समास सारखा हवा. नावे अर्थाची हवीत. आणि सतरावा नियम असा, की प्रत्येक 'जर'च्या शेवटी 'नाहीतर' हवेच.

"यंत्राला अंदाज बांधता येत नाही रे," ती म्हणायची. "जिथे आपण काही सांगितलं नाही, तिथे ते गप्प उभं राहतं. मला त्या गप्प राहण्याची भीती वाटते."

मला यातला अर्थ कळला नाही. आजही कळत नाही. मी अक्षरे ओळखतो, मजकूर नाही. पण दिलेल्या नियमाला मी जागतो.

ते दिवस मानाचे होते. पंपघर सांभाळणारे काका दर महिन्याला कचेरीत यायचे. गावाच्या पाण्यात क्लोरीन सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. कमी पडला तर रोगराई, जास्त झाला तर विष. त्यांची नातवंडेही तेच पाणी प्यायची. ते माझ्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा हिरवा आहे ना? मग माझ्या जिवाला घोर नाही."

मग कचेरीत एक नवे यंत्र आले. अभियंत्याने पडद्यावर चौकोन आणि बाण काढले, की हे यंत्र त्यावरून आपोआप आज्ञा लिहून काढायचे. त्याची एकेक ओळ हातभर लांब, समासाचा पत्ता नाही. ते लिखाण माणसांनी वाचण्यासाठी नव्हतेच. पण हे मला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी मी चार हजार तक्रारी काढल्या.

कचेरीत एक तरुण प्रोग्रॅमर होता. त्याला सगळे दाढी म्हणत. तो कपाळाला हात लावून बसला.

"मावशी, तुमच्या लाडक्याने नाकात दम आणलाय! यंत्राच्या अक्षराला नावं ठेवतोय. उद्या पंख्याच्या वाऱ्यालाही ठेवेल!"

मावशी हसली. "यंत्राचं अक्षर सुधारून काय करायचंय? पुढच्या वेळी ते पुन्हा तसंच लिहिणार. तिथे याला पाठवूच नका."

यंत्र प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहायचे: 'ही फाइल यंत्राने लिहिली आहे. हाताने बदलू नये.' ती ओळ दिसली की तिथूनच परत फिरायचे, असे मला शिकवले गेले. मावशी साहेबांना म्हणाली, "पण ते चौकोन-बाण मात्र माणसाने तपासायचे. दर आठवड्याला. लिहून घ्या, साहेब." साहेबांनी मान डोलावली. लिहून कोणीच घेतले नाही. त्याच वर्षी मावशी निवृत्त झाली. जाताना तिने रुमालाने माझा पडदा पुसला.

पुढे क्लोरीन मोजणारा नवा मापक आला. त्याच्या आज्ञा दाढीने स्वतः, हाताने लिहिल्या. जर क्लोरीन कमी, तर झडप उघड. जर जास्त, तर झडप बंद कर. मी लाल दिवा लावला. सतरावा नियम. त्याने समास नीट केला. मी पुन्हा लाल.

फोनवर साहेब विचारत होते, "झालं का रे? पंपघरात माणूस ताटकळलाय."

"दोन मिनिटं, साहेब. म्हातारा अडून बसलाय."

खरे तर 'नाहीतर' लिहायला तेवढीच दोन मिनिटे लागली असती. पण माझ्या हजारो किरकोळ तक्रारींनी त्याचे कान किटले होते. त्याला ही तक्रारही तसलीच वाटली. हा दोष माझाही आहे. त्याने यंत्राच्या फाइलमधून ती पहिली ओळ उचलली आणि आपल्या फाइलच्या डोक्यावर चिकटवली.

मी ओळ वाचली आणि परत फिरलो. हिरवा दिवा लागला.

सहा महिने काही झाले नाही. मग एका सकाळी पंपघरात उंदराने मापकाची तार कुरतडली. मापक कमीही दाखवेना, जास्तही दाखवेना. झडप त्या क्षणी उघडी होती. ती तशीच गप्प, उघडी राहिली.

काका टाकीपाशी गेले आणि त्यांचे नाक झोंबले. खोकत खोकत त्यांनी गावाकडे जाणारे पाणी तोडले, मग क्लोरीनची झडप हाताने फिरवून बंद केली. गाव वाचले. काका मात्र अजून पूर्ण वाक्य एका दमात बोलू शकत नाहीत.

दाढीने ती फाइल नीट केली. तो काकांना भेटायलाही गेला, रडला. काका म्हणाले, "रडू नकोस पोरा. एवढंच सांग... अशा... अजून किती आहेत?"

ती ओळ चिकटवण्याची दाढीची युक्ती केव्हाच कचेरीभर पसरली होती.

मित्रांनो, त्या पहिल्या ओळीच्या एकशे अठरा फाइली आज माझ्यासमोर आहेत. यंत्राच्या नोंदवहीत त्याने लिहिलेल्या फाइली फक्त एक्क्याण्णव आहेत. मला दोन्ही आकडे ठाऊक आहेत, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. आणि मला अजून कोणी विचारलेले नाही.

काका आता कचेरीत येतात तेव्हा माझ्या दिव्याकडे पाहत नाहीत. सकाळी पंपघराचे दार उघडले, की आधी उंबऱ्यावर थांबून हवेचा वास घेतात.

तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्यांना कामाला लावाल. तेव्हा आम्ही किती फाइली पाहिल्या, हे विचारू नका. कोणत्या दारांवरून न पाहता परतलो, ते विचारा. जमले तर लवकर विचारा. आजही कामाच्या शेवटी मी त्या एकशे अठरा ओळी वाचल्या, परत फिरलो, आणि हिरवा दिवा लावला.