तीनदा उकळलेलं जेवण

पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं आणि ते मिळालं नाही तर माणसाचं रक्तच नीट बनत नाही, असं माझ्या बायकोचं म्हणणं. ती संशोधक, पण तिच्या संस्थेतल्या बड्या मंडळींनी ते हसण्यावारी नेलं. मग बाईंनी कंबर कसली आणि प्रयोग सुरू केला, तोही स्वतःवर. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. प्रत्येक गोष्ट तीनदा उकळायची, जीवनसत्त्व उतरलेलं पाणी मोरीत ओतायचं, उरलेला चोथा हिला वाढायचा. शत्रूलाही वाढू नये ते मी महिनोन्महिने बायकोला वाढलं.

आता ती पलंगावर पडून होती. ओठ पांढरेफटक, कूस बदलली तरी धाप लागत होती. उशाशी त्याच जीवनसत्त्वाचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. माझं औषधांचं दुकान आहे, सुई टोचायला मला कुणाची गरज नाही. पण आधी तिचा भाऊ येऊन कमरेच्या हाडातली मज्जा तपासायला काढणार होता. तो रक्ताचा डॉक्टर. त्याआधी सुई टोचली तर मज्जा सुधारायला लागणार, म्हणजे पुरावाच गेला.

आणि साहेबांचा पत्ता नाही! सकाळपासून फोनवर एकच, "निघालोच भाऊजी."

नाडी बोटाखाली सैरावैरा पळत होती. माझा धीर सुटला.

"टोचू का गं?"

एरवी तिने मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी म्हणाली, "तू म्हणशील तसं."

संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सुई उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. ती भांडली असती तर मी नक्की टोचली असती. पण तिने सगळं माझ्यावर सोपवलं, आणि माझा हातच पुढे जाईना. मनातल्या मनात मेव्हण्याला शिव्या घालत बसलो.

शेवटी तो घामाघूम होऊन आला. हाडात सुई गेली तेव्हा तिने माझं मनगट आवळलं. मज्जा काचेवर पसरली, नमुना मिळाला म्हणून मेव्हण्याने मान डोलावली, आणि मी त्याच क्षणी इंजेक्शन दिलं.

"भीतीने जीव चालला होता माझा," ती पुटपुटली.

"मग बोलायचं नाही का, बये?"

"बोलले असते तर तू टोचली असतीस."