ओहायोतलं एक मत

भावनाच्या नावाचा जाड लिफाफा कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये आला, तिथूनच सगळं सुरू झालं. बहरीनमध्ये टपाल घरपोच येत नसे. ते नवऱ्याच्या कंपनीच्या बॉक्समध्ये पडायचं आणि ऑफिसचा शिपाई ते टेबलाटेबलावर वाटत फिरायचा. या लिफाफ्यावर अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या निवडणूक कचेरीचा शिक्का होता. अमेरिकेचं टपाल म्हणजे मोठ्या साहेबाचंच असणार, अशा समजुतीने शिपायाने तो थेट टकरसाहेबांपुढे नेऊन ठेवला.

टकर सित्राच्या तेल कारखान्यात कामं घेणाऱ्या त्या कंत्राटी कंपनीचे मॅनेजर. भावनाचा नवरा धम्मदीप त्यांच्या हाताखाली इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. आपल्या टेक्निशियनची बायको अमेरिकन नागरिक आहे आणि तीही आपल्याच राज्यातली, हे कळल्यावर साहेबांना कोण आनंद झाला. त्यांनी धम्मदीपला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, कॉफी पाजली.

खरं तर भावनाला ओहायो आठवतही नव्हतं. तिचे वडील केशवराव शिष्यवृत्तीवर शेतीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला तिकडे गेले, तेव्हा तिचा जन्म तिथे झाला. तिला नीट चालता येऊ लागेपर्यंत ती मंडळी नागपूरला परतलीही होती. पण जन्माने मिळालेला पासपोर्ट केशवरावांनी टिकवून ठेवला. त्याचा परिणाम असा झाला, की कॉलेजातल्या मैत्रिणी मत द्यायला गेल्या तेव्हा परदेशी नागरिक म्हणून भावना शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली. बोटाला शाई लावून त्या हसत बाहेर आल्या, आणि हिला रडू आवरेना. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आपल्या घरात सगळ्यांना आहे आणि आपल्यालाच नाही, हे तिला फार लागलं होतं. परदेशात राहूनही टपालाने अमेरिकेत मत देता येतं हे बहरीनला आल्यावर तिला कळलं आणि तिने रीतसर अर्ज केला. ब्याण्णव सालच्या त्या अध्यक्षीय निवडणुकीतलं मत तिच्या आयुष्यातलं पहिलंच मत होतं.

धम्मदीपने लिफाफा घरी आणला तो निरोपासकट. शुक्रवारी टकरसाहेबांच्या बुदैयाच्या व्हिलात जेवण आहे. कंपनीतले सगळे अमेरिकन तिथे एकत्र बसून मतपत्रिका भरणार आणि साहेब त्या एकगठ्ठा कुरिअरने पाठवणार.

"बुशवर खूण कर आणि मोकळी हो," तो म्हणाला. "आपल्याले काय करायचं त्यांच्या राजकारणाशी? साहेब बुशवाले आहेत आणि सुपरवायझरची जागा रिकामी आहे. साहेब बोलले नाहीत, पण मला समजते."

भावनाने लिफाफा पर्समध्ये ठेवला. गेला महिनाभर ती रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. पेरो नावाचा तो बुटका अब्जाधीश उमेदवार टीव्हीवर तक्ते घेऊन बसायचा, त्याचं तिला हसू यायचं. पण माणूस निवडणुकीतून मधेच उठून गेला आणि परत आला, हे तिला पटलं नव्हतं. क्लिंटन आजारी माणसांच्या औषधपाण्याबद्दल बोलला की ती मान डोलवायची. आणि तरीही तिचं मन बुशकडे झुकत होतं. मागच्या वर्षीच्या जानेवारीत, आखाती युद्ध चालू असताना, ती गरोदर होती. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, भोंगा वाजला की ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबून ते दोघं बसायचे. शेजारची मालू आधी कुवेतमध्ये नर्स होती. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी ती वाळवंटातून निसटली होती. इराकी रणगाडे मागे हटले नसते तर आपली मुलगी कुठे जन्मली असती, हे भावनाला सांगता येत नव्हतं. दुसरीकडे, माघार घेणाऱ्या सैनिकांच्या जळून कोळसा झालेल्या गाड्यांचे फोटोही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकमेकींना रेटत होत्या.

शुक्रवारी ते बुदैयाला गेले. मुलीला मालूकडे ठेवलं होतं. जेवण झाल्यावर मिसेस टकरनी टेबल पुसून घेतलं आणि ज्याने त्याने आपापली मतपत्रिका काढली. हसत, गप्पा मारत, एकमेकांच्या कागदात डोकावत ते खुणा करू लागले. टकरसाहेबांनी स्वतःचं पेन भावनापुढे धरलं आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

भावनाने लिफाफा पर्समधून काढलाच नाही. मी घरी भरीन आणि मीच टपालात टाकीन, असं तिने इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले. इथे सगळी घरचीच माणसं आहेत, लाजायचं कारण नाही, आमच्या कुरिअरने लवकर पोचेल, असं म्हणाले. तिने पुन्हा तेच सांगितलं.  आता साहेबांचा आवाज मऊच होता, पण त्यातलं हसू गेलं होतं. सद्दामपासून तुमचा जीव कोणी वाचवला ते विसरू नका, ते म्हणाले, आणि धम्मदीपकडे बघून पुढे म्हणाले, की माझ्या माणसांची निष्ठा कुठे आहे हे मला कळायला हवं.

धम्मदीपने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. भावनाला त्या क्षणी आजी आठवली. भागीरथा आजी पहिल्या निवडणुकीत मत द्यायला गेली, तेव्हा गावच्या पाटलाचा माणूस मतदान केंद्राच्या दारात उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मत कोणाला दिलं ते विचारत होता. ज्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्या वस्तीतली ही बाई त्याच्या तोंडावर म्हणाली होती, "म्या पेटीले सांगतलं. तिलेच इचार." त्या हंगामात आजीला कुणी कामावर बोलावलं नाही. पण ही गोष्ट सांगताना तिचा आवाज कधी खाली आला नाही.

भावना उठून उभी राहिली. "मिस्टर टकर, माझा नवरा तुमच्याकडे काम करतो, मी नाही," ती म्हणाली. "आणि तोही तुम्हाला हातांचं काम देतो, घरातलं मत नाही. मत गुप्त असतं हे मी तुमच्याच देशाने पाठवलेल्या सूचनांत वाचलं. तुम्हाला ते माझ्याकडून कधीच कळणार नाही."

कोणी काही बोलायच्या आत तिने मिसेस टकरना जेवणाबद्दल मनापासून धन्यवाद दिले आणि ती दाराकडे चालू लागली.

परतीच्या वाटेवर धम्मदीप खवळलेला होता. बोलून काय मिळवलंस, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं तो स्टिअरिंगवर हात आपटत म्हणत राहिला. खजुराच्या बागा मागे पडत होत्या. भावनाच्या डोक्यातही राग उसळत होता. आता मुद्दाम क्लिंटनलाच देते, बघू काय करतो, असं तिला वाटलं. घरी पोचेपर्यंत तिने ते जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी मुलीला झोपवून ती मतपत्रिका घेऊन बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की साहेबाच्या रागापायी खूण केली तर तीही साहेबानेच केल्यासारखी होईल. तो माणूस या खोलीत येताच कामा नये, त्याच्या बाजूनेही नाही आणि त्याच्या विरुद्धही नाही. ती उठली, तोंड धुऊन आली आणि जणू टकर नावाचा कोणी जगात नाहीच, असा पहिल्यापासून विचार केला. चिकटपट्ट्या लावलेल्या खिडक्या, मालू, ते जळके ट्रक, ती औषधपाण्याची भाषणं, सगळं पुन्हा एकदा मनात मांडलं. मग तिने बुशच्या नावापुढे खूण केली, लिफाफा बंद केला आणि मुलीला कडेवर घेऊन बाब अल बहरीनजवळच्या पोस्टात स्वतःच्या हाताने टाकून आली.

बुश हरले. ओहायोही थोडक्यात हातचं गेलं. त्या आठवड्यात सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली आणि धम्मदीपची बदली मआमीरकडच्या तेलाच्या टाक्यांवर, सगळ्यात धुळकट जागी झाली. साहेब ऑफिसात उघड म्हणायचे, की माझ्याच राज्यातलं एक मत माझ्याच माणसाच्या घरातून फुटलं.

"तू बुशलाच दिलं म्हणून सांग ना त्यांना," धम्मदीप एकदा जेवताना म्हणाला. "खोटं तर खोटं. कोण पाहायला येते?"

भावनाचा घास हातातच राहिला. ते खोटं नव्हतं. एक खरं वाक्य बोललं असतं, तर नवऱ्याची कदाचित टाक्यांवरून सुटका झाली असती. संध्याकाळी त्याच्या केसांत बसलेली धूळ ती रोज बघत होती. तिला त्याची दया आली, आपण नुसता हट्ट तर करत नाही ना, असा संशयही आला. पण ते वाक्य एकदा बोललं, की साहेबाला विचारायचा हक्क होता असं होणार होतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "खरं नाही आणि खोटंही नाही. तुम्हालाही नाही."

तो ताटावरून उठला नाही, पण नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलला.

डिसेंबरात, राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीआधी कंपनीचं दुपारचं जेवण होतं. सगळ्यांची कुटुंबं आली होती. टकरसाहेब टेबलाटेबलावर फिरत यांच्यापाशी आले. भावनाकडे न बघता त्यांनी धम्मदीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की आता तरी सांग, तुझ्या बायकोने कोणाला मत दिलं?

आजूबाजूचे टेक्निशियन माना वळवून बघू लागले. भावनाने बशीतल्या बिर्याणीकडे बघितलं. तो काहीतरी सांगून टाकेल अशी तिची खात्रीच होती, आणि सांगितलं तर त्याला दोष द्यायचा नाही, हेही तिने ठरवलं होतं.

धम्मदीपने चमचा खाली ठेवला. साहेबांचा हात खांद्यावरून निघावा इतपत तो खुर्चीत वळला.

"मला माहीत नाही, सर," तो म्हणाला. "मी तिला विचारत नाही. तुम्हीही विचारू नका."

 साहेबांनी कोणाला तरी लांबून हात केला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बदली काही रद्द झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धम्मदीप टाक्यांवरच होता. मग त्याने दुसरी कंपनी धरली. पण त्या दुपारी त्याने भावनाच्या बशीत आपल्या बशीतला मटणाचा तुकडा वाढला, मुलीला मांडीवर घेतलं आणि शेजारच्याशी क्रिकेटवर बोलू लागला. भावना मात्र कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.