मागच्या फळीतली भोकं

काकांनी गाडीला मागे स्पीकर बसवायचं काढलं, तेव्हा पुतण्याला वाटलं की ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल बोलताहेत. ही गाडी काकांच्या लग्नाच्याही आधीची. एकदा पुतण्याने नंबरप्लेटला नव्या पद्धतीचा स्क्रू लावला होता. काकांनी तो काढायला लावला आणि जुन्या बाजारात हिंडून एका खाचेचा स्क्रू शोधून आणला. रेडिओ मूळचा होता. त्याचा एकुलता एक स्पीकर डॅशबोर्डमध्ये होता आणि त्यातून बातम्या देणारा प्रत्येक माणूस पडसं झाल्यासारखा बोलायचा. काकांना त्याचंही कौतुक होतं.

गाडी पुढे पुतण्याला मिळायची होती. काकांना मूलबाळ नव्हतं. ‘जशी आहे तशी त्याला देणार,’ असं त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या भरवशावर पुतण्याने जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या गटात नाव नोंदवलं होतं. तिथले परीक्षक टॉर्च घेऊन डिकीत डोकं घालतात. मागच्या काचेखालच्या फळीला दोन भोकं पडली की गाडी गटातून बाद. कापलेला पत्रा काही पुन्हा उगवत नाही.

त्याने काकूला विचारलं.

“मला काय विचारतोस? त्या गाडीत खिडकीची काच खाली करायलाही मला परवानगी लागते,” काकू म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. एरवी ती काकांच्या खोड्या सांगायला लागली की थांबत नसे.

काका रागावले असावेत, गाडी द्यायचा विचार बदलला असावा, नाहीतर वयाने डोकं चालेनासं झालं असावं. पुतण्याने तिन्ही शक्यता तपासल्या. एकही नीट बसेना. काका त्याच्याशी नेहमीसारखेच खवचट बोलत होते. गॅरेजपर्यंत गाडी मात्र त्यांनी त्याला चालवायला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. हेही आजवर कधी झालं नव्हतं.

गॅरेजमधल्या वायरमनला सगळे करंट म्हणत. त्याने फळीवरचं कापड उचकटलं, खालचा पत्रा बोटाने वाजवून पाहिला आणि पुठ्ठ्याच्या गोल साच्याभोवती खडूने रेघ मारली.

“साहेब, एकदा कापलं की कापलं हं.”

“फळीवर ठेवायचे सुटे डबे मिळतात ना?” पुतण्या मध्येच म्हणाला. “न कापता होईल.”

“ब्रेक मारला की ती डबडी डोक्यात येतील,” मागच्या सीटवरून काका म्हणाले.

“साहेब, तुमचं डोकं तर पुढे असतं,” करंट म्हणाला.

करंटने ड्रिल काकांपुढे धरलं. “घ्या. जुन्या गाडीतलं पहिलं भोक मालकाने पाडायचं, पुढचं सगळं मी बघतो. एक बाई कापून झाल्यावर तो तुकडा पोटाशी धरून रडत बसल्या होत्या. तेव्हापासून हा नियम.”

काका गुडघे टेकून सीटवर वळले. त्यांनी ड्रिलचं टोक फळीवर टेकवलं. खडूची रेघ तिथून चांगली चार बोटं लांब होती. करंटने त्यांचं मनगट हलकेच धरलं.

“इथे नाही, साहेब.”

काकांनी ड्रिल मांडीवर घेतलं. “मला मधलं दिसत नाही,” ते पुतण्याला म्हणाले. “कडेचं दिसतं. तू दिसतोस, तुझं तोंड दिसत नाही. तसं त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. डॉक्टरांनी गाडी बंद केलीय माझी.”

“काकूला माहीत आहे?”

“मीच गप्प राहा म्हटलं तिला. परवा शेजाऱ्याने दवाखान्यातून आणलं, त्याच्या गाडीत मागे बसून. बाहेरचं काही कळेना, कुठे वळलो, कुठे थांबलो. पण मागे गाणं ऐकू येत होतं. तेवढ्यावर निभावलं. आपल्या गाडीत मागे इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही.”

“मी आवाज मोठा करीन ना.”

“म्हणजे तू बहिरा होशील. आंधळा एक पुरे आहे या गाडीत.” त्यांनी ड्रिल पुढे केलं. “तू पाड. मालकाने पाडायचं म्हणतोय ना हा.”

“पण काका, मूळ स्थिती...”

“मूळ स्थितीत मी पुढे बसायचो.”

पुतण्याने करंटकडे पाहिलं. करंट एकाएकी वायरी सोडवण्यात गुंतला होता. प्रदर्शनाचं विचारावं, की डोळ्यांचं, की गाडी आजपासूनच आपली का, हे पुतण्याला ठरवता येईना. काहीच न विचारता त्याने ड्रिलचं टोक खडूच्या रेघेवर टेकवलं आणि बटण दाबलं. पत्र्याची चकचकीत गुंडाळी वर आली आणि सीटवर पडली. काकांनी ती चाचपडून उचलली आणि खिडकीबाहेर टाकली.

“सीट खराब करू नकोस,” ते म्हणाले.

स्पीकर लागले. निघताना काका मागे मधोमध बसले. आवाज खरंच बदलला होता. बातम्या देणाऱ्याचं पडसं गेलं होतं. पुतण्या मात्र गोंधळला. निवेदक आणि काका दोघंही त्याच्या मानेमागून, एकाच वेळी बोलत होते. एक कुठल्याशा धरणाची पातळी सांगत होता, दुसरा क्लच सावकाश सोडायला. गाडी मिळाली म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो होतोय का, हे बघायलाही त्याला सवड मिळेना.

चौक आला. त्याने वेग कमी केला. “काका, इथून डावीकडे घेऊ की सरळ?”

“आपण चौकात आहोत?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मग मला काय विचारतोस?” काका म्हणाले आणि बातम्या ऐकू लागले.