तेराव्या महिन्याची आवृत्ती

चंद्र दिसला नाही, असं संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं आणि जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या त्या छोट्याशा कचेरीत रुदैनाने आधी अल्लाचं नाव घेतलं, मग कपाळाला हात लावला. रमजान आता उद्याऐवजी परवा. पण कॅलेंडरवर भरवसा ठेवून त्यांनी रमजानचं अ‍ॅप सकाळीच लोकांच्या फोनवर धाडलं होतं, आणि उद्या पहाटे ते रोज्याआधीच्या सहरीच्या जेवणाला उठवायला ढोल बडवणार होतं.

"अर्धं शहर उद्या आपल्या नावाने बोटं मोडणार," तिच्या शेजारी काम करणारा मुहन्नद हसू दाबत म्हणाला.

रुदैनाने भराभर दुरुस्ती केली, पाठवली. एकाही फोनने ती घेतली नाही.

घेणार कशी? आवृत्तीला नंबर हिजरी तारखेचाच द्यायचा, त्यात बरकत असते, हा मालक अबू ऐहम यांचा हट्ट. सकाळची आवृत्ती नवव्या महिन्याच्या, म्हणजे रमजानच्या, पहिल्या तारखेची, म्हणून ९.१. आता उद्या निघाली आठव्या महिन्याची तीस, म्हणून दुरुस्ती ८.३०. फोन म्हणे, आठ? ही तर जुनी.

"अबू ऐहम, मी म्हणाले होते," रुदैना मागे येऊन उभ्या राहिलेल्या मालकांना हळूच म्हणाली. "तीन साधे आकडे. सगळंच बदललं तर पहिला वाढवायचा, नवी सोय आली तर मधला, दुरुस्तीला शेवटचा. आकडा पुढेच जातो. त्याला चंद्राचं काही पडलेलं नसतं."

"बरं, मग दहापासून सुरू कर."

"दहाव्या महिन्यात ईद. तुमच्या आई नंबर बघून दिवस धरतात. ईदची मामूल बिस्किटं भाजायला घेतील."

"बारा?"

"हजला निघतील."

मुहन्नद हसत खुर्चीतून घसरला. अबू ऐहमनाही हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "वर्षात नसलेलाच महिना दे बाई."

रुदैनाने लिहिलं, १३.०.०. आणि पडद्यावर एकेक फोन दुरुस्ती घेऊ लागला, भराभर, शेंगा तडतडाव्यात तसा. उद्याचा ढोल गप्प झाला.

तेवढ्यात अबू ऐहमचा फोन वाजला. आईच, त्यांना अजून पाळण्यातल्या नावाने हाक मारणारी.

"फव्वाझ, हा तेरावा महिना कुठून काढलास?"

"यम्मा, महिना नाही, नुसता नंबर आहे. रोजा परवा."

"म्हणजे उद्या जेवायचं. मग आज गोडाला कतायफ किती आणतोस?"

"तेरा."

"अक्रोड भरलेलं एक जास्त आणा," रुदैना ओढणीआड हसत पुटपुटली. "नवी सोय. मधला आकडा वाढेल."