तीच गाठ

आमच्या मालिशच्या धंद्यात गाठ म्हणजे आखडलेला स्नायू. अंगठा रोवायचा आणि मोडून काढायची. मला हे वस्तादानेच शिकवलं, आणि याच शब्दापायी माझा धाकटा भाऊ गेला.

माल उतरवताना त्याच्या पोटरीवर पेटी पडली. आठवडाभर तो पडून राहिला आणि तो एकच पाय सुजून टम्म झाला. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ झाली असेल, ताबडतोब घेऊन या. वस्ताद हसला. गाठीला कसला आलाय दवाखाना, म्हणाला, आणि तासभर पोटरी रगडली. संध्याकाळी भावाला धाप लागली, तासाभरात सगळं आटोपलं. रक्ताची गाठ होती ती, सुटून फुप्फुसात गेली, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर मला समजावलं. तोवर या मेल्याने जगभर करून टाकलं होतं, की मालिश मी केली. आईने ते खरं मानलं. सहा वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही.

आणि काल हाच माणूस माझ्यासमोर येऊन आडवा झाला. शिडीवरून घसरून घोटा मोडला होता, प्लास्टर नुकतंच निघालं होतं. डावी पोटरी उजवीच्या दीडपट, लाल. हात लावला तर तापलेली. मला काय ते कळलं. खरं सांगते, आधी आनंद झाला.

"गाठ आहे गं, मोडून टाक," तो म्हणाला. "तुझ्यासारखा हात नाही कुणाचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातावर तेल घेतलेलंच होतं. दहा मिनिटं पुरली असती, आणि मला कुणी जाबही विचारला नसता. कशीबशी हात पुसून आत गेले, ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याला मात्र सांगितलं नाही. फुटू दे म्हटलं घाम.

"वस्ताद, ही माझ्या भावाला झाली होती तीच गाठ आहे. मोडू?"

तो पांढराफटक पडला. उठायला लागला, तसा खांदा दाबून मी त्याला झोपवला. त्याच्याच फोनवरून आईला फोन लावला, कारण माझा ती उचलत नाही. आधी तिला खरं सांगा, म्हटलं, मग पुढचं बघू. त्याची बोबडी वळली, पण सगळं सांगितलं. रगडलं त्याने, नाव माझं घेतलं त्याने, माझा काडीचाही दोष नव्हता.

ॲम्ब्युलन्सवाले आत आले, त्याला स्ट्रेचरवर घ्यायला लागले. मी फोन कानाला लावला. आई रडत होती. सहा वर्षांनी तिचा आवाज ऐकत होते, मलाही हुंदका आवरेना. मग ती म्हणाली, "तो रगडत होता, तेव्हा तू कुठे होतीस गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण वस्ताद माझ्याकडेच बघत होता.

"पाय धरून बसले होते, आई. धाकटा ओरडून पाय ओढून घेत होता, म्हणून."